सतरा नंबरच्या मशीनची यादी

आमच्या कॉलेजात प्रयोग करायचा नसतो, लिहायचा असतो. हे मला पहिल्या वर्षी कोणी सांगितलं नाही. ज्यांच्या घरात आधी कोणीतरी इंजिनिअरिंगला गेलेलं असतं त्यांना ते बहुतेक घरातूनच कळत असावं, जसं आमच्या घरात कोणत्या नटाला कितीचा पाना लागतो ते न सांगता कळतं. मला ते तिसऱ्या वर्षी कळलं, तेही लेखी.

पद्धत अशी असते. प्रत्येक विषयाचं एक जर्नल असतं. मागच्या वर्षीच्या कोणाचं तरी तपासून झालेलं जर्नल वर्गात येतं, त्याची झेरॉक्स निघते, मग झेरॉक्सची झेरॉक्स निघते, आणि आम्ही सगळे लॅबमध्ये मशीनसमोर बसून, मशीनकडे अजिबात न बघता, ते उतरवून काढतो. निष्कर्षसुद्धा. 'यावरून असे दिसून येते' असं लिहिताना आम्हाला काहीच दिसलेलं नसतं. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही. दोन वर्षं मीही तेच केलं. माझं अक्षर बरं आहे म्हणून वर्गात माझ्या जर्नलला मागणी असायची, आणि याचा मला थोडा अभिमानसुद्धा होता.

तिसऱ्या वर्षी ऑपरेटिंग सिस्टिमच्या विषयात प्रयोग क्रमांक दोन होता: प्रोसेसरची माहिती मिळवणे. मशीनला एक आज्ञा द्यायची, मग ती स्वतःच्या प्रोसेसरबद्दल सांगते. वर त्याचं नाव, मॉडेल, वेग. खाली एक लांबलचक ओळ असते, तिच्यात त्या प्रोसेसरला काय काय जमतं त्याची यादी. जमणाऱ्या प्रत्येक गोष्टीला एक तुटकं नाव, त्याला फ्लॅग म्हणतात. शंभराच्या वर फ्लॅग असतात आणि वाचायला ते शब्द वाटत नाहीत, कोणीतरी कीबोर्डवर बसल्यासारखे वाटतात. ही अख्खी यादी आम्ही हाताने लिहायची होती. का, ते मी विचारलं नाही. कोणीच विचारलं नाही.

त्या वर्षीच्या झेरॉक्समध्ये एक गोची होती. मूळ जर्नलचा कागद नेमका यादीवर दुमडला गेलेला, त्यामुळे एक ओळ काळी आलेली. वर्गाने ती ओळ सोडून दिली. मला सोडवेना. यात सद्गुण वगैरे काही नाही, मला फक्त मधेच तुटलेली यादी लिहायला कसंतरी वाटत होतं. म्हणून मी ती काळी पडलेली नावं बघायला मान वर करून स्क्रीनकडे बघितलं.

स्क्रीनवरची यादी वेगळी होती. झेरॉक्समधले आठ फ्लॅग माझ्या मशीनवर नव्हतेच. आणि दुमडीत गेलेली पाच नावं सोडली तरी आणखी दोन होते, आरटीएम आणि एचएलई, ते झेरॉक्समध्ये नव्हते. मी दोनदा बोट ठेवून मोजलं. मग, कदाचित मूर्खपणाच असेल, मी स्क्रीनवर होतं ते लिहिलं.

शेजारच्या मशीनवर माझी मैत्रीण बसते. ती टिटवाळ्याहून येते, हजेरी क्रमांकाने माझ्या पुढे आहे आणि अकलेनेही. तिने माझ्या वहीत डोकावलं.

"हे काय लिहितेस?"

"जे दिसतंय ते."

"तुला कोणी सांगितलेलं खरं लिहायला?"

मी म्हटलं, कोणी नाही. ती म्हणाली, "मग?" आणि मी पुढचा फ्लॅग लिहिला.

आमच्या लॅबमध्ये तीस मशीन आहेत. त्या सगळ्या सारख्या आहेत, हे आम्हाला वर्षाच्या सुरुवातीला सांगतात, मध्ये सांगतात आणि बाहेरून कोणी बघायला आलं की त्यांनाही सांगतात. ठाण्याच्या एकाच दुकानातून, एकाच टेम्पोतून, एकाच दिवशी आलेल्या. प्रोसेसर तोच, स्टिकर तोच, धूळसुद्धा तीच. माझी सतरा नंबरची मशीन भिंतीकडच्या कोपऱ्यात. तिच्या मागचा इंटरनेटचा पॉइंट पहिल्यापासून मेलेला आहे. लॅब सांभाळणारे एक काका आहेत. त्यांना पॉइंटबद्दल विचारलं की ते छताकडे बोट दाखवून म्हणतात, "तक्रार वर गेलीय." वरच्या मजल्यावर कॅन्टीन आहे.

त्याच्या आधीच्या आठवड्यात सतरा नंबर आपोआप बंद पडत होती. काकांना माहीत होतं की माझ्या दप्तरात स्क्रूड्रायव्हर असतो. पप्पा शीळफाट्याजवळ एका खासगी बसच्या गॅरेजात मेकॅनिक आहेत, कंपन्यांच्या स्टाफला नेणाऱ्या बस तिथे येतात. मी अकरावीला गेले तेव्हा त्यांनी मला तो छोटा स्क्रूड्रायव्हर दिलेला. दुसऱ्यांच्या घरात बहुतेक पेन देतात. तर काका मला म्हणाले, "बघ जरा, तुला येतं ना." मी बाजूचं झाकण उघडलं, पंख्यात अडकलेला धुळीचा बोळा ब्रशने काढला, झाकण लावलं. मशीन चालायला लागली. काका म्हणाले, "भारी गं." ही दोन वाक्यं मी मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण पुढे काकांना ती सोयीपुरतीच आठवली.

सर जर्नल तपासतात म्हणजे सही करतात. पण त्या दिवशी त्यांच्याकडे एकोणतीस सारखी पानं एकापाठोपाठ गेलेली, त्यामुळे तिसावं पान त्यांना खुपलं. सर तरुण आहेत, वाईट नाहीत. ऑपरेटिंग सिस्टिम शिकवतात आणि शिकवताना ऑपरेटिंग सिस्टिमला हात लावत नाहीत.

"तुझी यादी वेगळी का?"

"सर, मशीनवर तशीच आलीय."

"कशी येईल? मशीन सगळ्या सेम आहेत."

"हो सर. पण वर प्रोसेसरचं नाव बघा ना, ते सेमच आहे. मॉडेलपण. फक्त फ्लॅग..."

"प्रोसेसर सेम असेल तर फ्लॅग सेमच येणार. फ्लॅग प्रोसेसरचे असतात." मग त्यांनी जर्नल मिटलं. "काही नावं कमी, काही जास्त. म्हणजे प्रोसेसर दुसरा आहे."

मागून काका म्हणाले, "सर, हिने तो डबा उघडलेला. मागच्या आठवड्यात. स्क्रूड्रायव्हर घेऊन फिरते ती."

"काका, तुम्हीच सांगितलेलं ना, बघ म्हणून."

"बघ म्हटलेलं मी. उघड म्हटलं का?"

"पण नाव तर तेच येतंय."

"नावाचं काय," काका म्हणाले, "नाव कोणीपण लावतं."

मला वाटतं, त्या क्षणी लॅबमधल्या कोणीतरी सतरा नंबरवर तीच आज्ञा पुन्हा देऊन बघायला हवी होती. किंवा झाकण उघडून आतला प्रोसेसर. सगळ्यांनी मात्र माझ्या दप्तराकडे बघितलं. एक मुलगा, ज्याच्या जर्नलात त्या दुमडीची ओळ गायब होती आणि ज्याचा प्रोसेसर त्यामुळे कागदोपत्री अधू होता, तो म्हणाला, "ओएलएक्सवर टाकलास काय?" सगळे हसले. मीही हसले. असं हसायला नको होतं, पण मला अशा वेळी दुसरं काही येत नाही.

विभागप्रमुख मॅडमच्या केबिनमध्ये सगळं शांतपणे झालं. मॅडम कधी आवाज चढवत नाहीत. त्या म्हणाल्या, "आमचं काही वैयक्तिक नाही हं. पण प्रोसिजर आहे." प्रोसिजर अशी, की गुरुवारी पालकांनी येऊन हमीपत्रावर सही करायची. तोपर्यंत जर्नलवर सही नाही. जर्नलवर सही नाही तर टर्मवर्क नाही, टर्मवर्क नाही तर परीक्षेला बसता येणार नाही. मला पत्र मिळालं. पालकांना कळावं म्हणून ते मराठीत होतं: 'आपल्या पाल्याने प्रयोगशाळेतील संगणक क्र. १७ मधील प्रोसेसरची अदलाबदल केल्याचे निदर्शनास आले असून, सदर बाबतीत पालकांनी समक्ष उपस्थित राहून हमीपत्र द्यावे.' वर जावक क्रमांक, खाली गोल शिक्का.

मला परीक्षेची भीती वाटली, पण खरं सांगायचं तर ती दुसऱ्या नंबरवर होती. पप्पा नववीपर्यंत शिकलेत. माझं कॉलेज त्यांनी फक्त बाहेरून बघितलंय, प्रवेशाच्या दिवशी, गेटवरून. आत या म्हटलं तर म्हणाले, "मी काय करू आत, तू जा." गॅरेजात ते लोकांना सांगतात की मुलगी कॉम्प्युटरला आहे, आणि कोणी विचारलं की म्हणजे काय करते, तर ते म्हणतात, "ते तिला माहीत." त्या माणसाने कॉलेजात पहिल्यांदा पाऊल ठेवायचं ते, मुलीने सामान चोरलं, हे ऐकायला. पत्र मी चार दिवस दप्तरात ठेवलं, स्क्रूड्रायव्हरच्याच कप्प्यात.

त्या चार दिवसांत मी नेटवर जे सापडेल ते वाचलं. बरंचसं कळलं नाही. जेवढं कळलं त्यावरून असं वाटायला लागलं की सरांचं ते वाक्य, फ्लॅग प्रोसेसरचे असतात, तेच पूर्ण खरं नाही. पण सर चुकले असं म्हणायला माझी जीभ मनातल्या मनातसुद्धा वळत नव्हती. आमच्या घरात सर चुकत नाहीत. पप्पा आणि आई दोघांनीही मला हेच शिकवलेलं, दोघांचीही शाळा लवकर सुटली म्हणूनच बहुतेक.

रविवारी सकाळी पप्पा डोंबिवलीच्या आमच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून मिक्सर उघडून बसलेले. मी शेजारी बसून स्क्रू एका झाकणात गोळा करत होते. मी लांबून विचारलं.

"पप्पा, दोन बस अगदी सारख्या असतील, तर त्यांचा कागद वेगळा येऊ शकतो का?"

"कुठला कागद?"

"तुम्ही तो तपासणीचा करता ना. ड्रायव्हर भरतो तो."

"दोन कशाला, एकाच बसचा वेगळा येतो." त्यांनी मिक्सरच्या मोटरवर फुंकर मारली. "सोमवारी एक ड्रायव्हर आणतो, लिहितो, सगळं ठीक. मंगळवारी दुसरा आणतो, बारा गोष्टी लिहितो. गाडी एका दिवसात बिघडली का?"

"नाही. दुसऱ्याला जास्त कळतं."

"नाहीतर पहिल्याला घरी जायची घाई." मग ते जरा गंभीर झाले. "आता नवीन गाड्या आल्यात ना, त्यात मागे हवेचं सस्पेन्शन आहे. आमचा एक जुना ड्रायव्हर आहे, तो ते कधीच लिहीत नाही. गाडीत आहे, चांगलं चालतंय. पण त्याला त्याचं नावच माहीत नाही, तो लिहिणार काय? त्याचा कागद वाचलास तर तुला वाटेल, ही गाडी साधी आहे."

मी गप्प बसले. त्यांना वाटलं मला कळलं नाही, म्हणून ते अजून सांगायला लागले.

"आणि उलटंपण असतं. एका गाडीत मागचा एसी आहे, पण त्याचं पाणी सीटवर गळायचं. मालक म्हणाला, बंद करा. आम्ही बटणच काढून टाकलं. आता तिच्या कागदावर काय लिहितो आम्ही? मागे एसी नाही. आहे ना पण आत. जुना कागद काढलास तर त्यावर एसी सापडेल."

"मग खरा कागद कुठला?"

"कागद गाडीचा नसतो गं, लिहिणाऱ्याचा असतो. म्हणून तर मी गाडी बघितल्याशिवाय सही करत नाही. मालक ओरडतो, किती वेळ लावतोस म्हणून. ओरडू दे."

मला वाटतं, चार दिवस वाचलेलं मला तिथे, मिक्सरच्या शेजारी, कळलं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात एक मुख्य भाग असतो, कर्नेल. मशीनशी बोलायचं काम त्याचं. मशीन सुरू होताना कर्नेल प्रोसेसरला विचारतो, तुला काय काय येतं. प्रोसेसर उत्तर देतो, पण ते नावांत नाही, नुसतं हो-नाहीच्या घरांत. कुठल्या घराचं नाव काय, ते कर्नेलच्या वहीत लिहिलेलं असतं. जुन्या कर्नेलच्या वहीत नंतर आलेल्या घरांची नावंच नाहीत. मग प्रोसेसर हो म्हणत असला तरी कर्नेल गप्प बसतो. आणि नव्या कर्नेलला कळलेलं असतं की या प्रोसेसरच्या अमुक दोन गोष्टींत सुरक्षेचा दोष सापडलाय. तो त्या बंद करतो आणि यादीतून नावं काढून टाकतो. मशीन सुरू करताना कोणी त्याला सांगितलं की हे लपव, तर तेही लपवतो. आपण जी यादी प्रोसेसरची म्हणून उतरवतो ती असते कर्नेलची.

सतरा नंबरचा पॉइंट मेलेला. बाकी एकोणतीस मशीन नेटवरून आपोआप अपडेट होत राहिल्या, त्यांचे कर्नेल बदलत गेले. सतरा नंबर अजून टेम्पोतून उतरली त्या दिवसाच्या कर्नेलवर होती. ती चोरीला गेलेली नव्हती. तिला फक्त कोणी काही कळवलं नव्हतं. हे मला जरा ओळखीचं वाटलं.

मी तेव्हाच पप्पांना पत्र दाखवलं. ते त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, मग शिक्का वाचला.

"बदललास का?"

"नाही."

"मग गुरुवारी येतो," ते म्हणाले आणि मिक्सरचं झाकण लावलं. एवढंच. आईने मात्र स्वयंपाकघरातून विचारलं, "काय बदललं?" आणि पप्पा म्हणाले, "काही नाही, तेच तर लिहून द्यायचंय."

मंगळवारी मी मैत्रिणीला घेऊन एक नंबरच्या मशीनवर बसले. एक नंबर म्हणजे लॅबची शान, बाहेरचे लोक आले की तीच चालू करून दाखवतात. नवीन कर्नेल आला की जुना लगेच जात नाही, कोणी साफसफाई करेपर्यंत पडून राहतो. आमच्या लॅबमध्ये साफसफाई कोणीच केलेली नव्हती. आळसाचे एवढे उपकार माझ्यावर पहिल्यांदाच झाले. मशीन सुरू होताना एक यादी येते, तिच्यातून सगळ्यात जुना कर्नेल निवडता येतो. मी निवडला. तीच आज्ञा दिली. आठ फ्लॅग गायब, आरटीएम आणि एचएलई हजर. सतरा नंबरचीच यादी, शब्दाला शब्द.

मग परत नव्या कर्नेलवर सुरू केली. आठ परत आले, दोन गेले. त्या आठांतली काही नावं तर प्रोसेसरची नव्हतीच. ती कर्नेलने स्वतः घातलेली, म्हणजे मी अमुक धोक्याचा बंदोबस्त केलाय, अशी त्याची नोंद. पप्पांच्या गॅरेजात गाडीच्या कागदावर 'प्रथमोपचार पेटी आहे' असं लिहितात ना, ती पेटी काही गाडीच्या कारखान्यातून आलेली नसते. तसं.

हे करताना मी एक नंबरची यादी जर्नलांशी ताडून बघितली आणि मैत्रिणीला म्हटलं, "अगं, तुमच्या सगळ्यांच्या यादीत पाच फ्लॅग नाहीत. ती दुमडीतली ओळ. तुमची यादी तर कुठल्याच मशीनची नाही."

तिने इकडेतिकडे बघितलं. "गप्प बस. एक प्रोसेसर पुरे झाला तुला."

मी गप्प बसले. मला त्याची थोडी लाज वाटते, पण तिने त्या दिवशी माझ्यासाठी दोन लेक्चर बुडवलेली.

सरांना मी बोलावून दाखवलं. एकदा जुन्यावर, एकदा नव्यावर. बोलताना माझा आवाज इतका खाली गेलेला की सरांनी दोनदा "काय?" विचारलं. मला वाटलं, आता ते काहीतरी म्हणतील ते मी आयुष्यभर लक्षात ठेवीन. ते म्हणाले, "हे सिलॅबसमध्ये नाहीये." मग खालच्या आवाजात, "बरोबर आहे पण." हे दुसरं वाक्य त्यांनी स्क्रीनला सांगितलं, मला नाही. तरी मी ते धरून ठेवलं.

मॅडमना सरांनीच सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "अरे वा. म्हणजे प्रश्नच मिटला." मी निघणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पण पालकांना यावं लागेल हं."

"मॅडम, पण मी बदललाच नाही ना?"

"हो, पण पत्राला जावक क्रमांक पडलाय. पत्र गेलं की त्याचं उत्तर फाइलला लागावं लागतं. ते उघडं नाही ठेवता येत." त्यांनी कार्यालयाची प्रत काढली, पेन घेतलं, आणि 'केल्याचे'च्या आधी एक 'न' लिहून शेजारी सही केली. आता पत्र असं होतं, की आपल्या पाल्याने प्रोसेसरची अदलाबदल न केल्याचे निदर्शनास आले असून, सदर बाबतीत पालकांनी समक्ष उपस्थित राहून हमीपत्र द्यावे. मॅडमना यात काही खटकलं नाही. त्यांनी ते मला वाचूनसुद्धा दाखवलं.

गुरुवारी पप्पा अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले. लग्नाला घालतात तो शर्ट घातलेला, पण नखांतलं ग्रीस निघालेलं नव्हतं. ते कधीच निघत नाही. केबिनमध्ये ते खुर्चीच्या टोकावर बसले. मॅडमनी हमीपत्र पुढे सरकवलं. सर होते, काका दाराशी होते. पप्पांनी खिशातून चष्मा काढला आणि वाचायला सुरुवात केली. मला माहीत होतं किती वेळ लागणार. मॅडमना माहीत नव्हतं, त्यांनी दोनदा पेन उचलून पुढे धरलं.

"'माझ्या मुलीने प्रोसेसर बदललेला नाही व यापुढेही बदलणार नाही,'" पप्पांनी वाचलं. "बदलला नाही, तर मग यापुढेही कशाला?"

"ती आपली स्टँडर्ड भाषा आहे," मॅडम म्हणाल्या.

"बरं. बाकीच्या मुलांनीपण दिलंय का लिहून?"

"त्यांचा प्रश्न नाही ना. त्यांच्या याद्या सारख्या आहेत."

"सारखं असलं की तपासत नाही का तुम्ही?"

त्यांनी हे खरंच विचारलेलं. त्यांच्या आवाजात काही नव्हतं, गॅरेजात नवीन माणसाला कामाची पद्धत विचारावी तसं. मी ओढणीचं टोक धरून बसले. सरांनी खिडकीतून बाहेर बघितलं, तिथे भिंत आहे. मला एकोणतीस जर्नलांतली ती काळी ओळ आठवली.

"सही करता ना?" मॅडमनी विचारलं.

"करतो. पण मशीन कुठेय?"

"कोणती मशीन?"

"हिची. सतरा नंबर. मी बघितल्याशिवाय सही नाही करत." मग त्यांना वाटलं जास्त बोललो, म्हणून ते म्हणाले, "सवय आहे मॅडम. राग मानू नका."

कागदावर जावक क्रमांक होता आणि सही तर हवीच होती. म्हणून आम्ही सगळे निघालो. पुढे मॅडम, मागे सर, मग पप्पा, मी आणि शेवटी चाव्या वाजवत काका. आमच्या बॅचचं प्रॅक्टिकल चालू होतं. सगळे उतरवत होते, सगळ्यांनी माना वर केल्या. मैत्रिणीने स्वतःची खुर्ची पप्पांना दिली.

आधी झाकण. काकांनी या प्रकरणानंतर लावलेलं कुलूप काढलं, मी स्क्रूड्रायव्हर काढला. पप्पांनी आतला पंखा बघितला, बोटाने फिरवला, म्हणाले, "धूळ काढलीस वाटतं."

"हो. काकांनी सांगितलेलं."

काकांनी मान हलवली, थोडीशी, बाजूला.

मग मी सतरा नंबर चालू केली आणि सांगायला लागले. पप्पांना सांगत होते म्हणून असेल, माझा आवाज खाली गेला नाही. हे प्रोसेसरचं नाव, एक नंबरवर पण तेच आहे, बघा. ही यादी. हा तुमच्या गॅरेजातला जुना ड्रायव्हर. मग आम्ही एक नंबरकडे गेलो आणि मी तिथे दोन्ही ड्रायव्हर बसवून दाखवले. पप्पा यादीवर बोट ठेवून वाचत गेले, एकही शब्द कळत नसताना, जसं मी पहिल्या दिवशी केलेलं. आरटीएमपाशी त्यांचं बोट थांबलं.

"हा तो एसी."

"हो."

"आत आहे, पण नव्याने लिहिला नाही. गळतो म्हणून."

"हो पप्पा."

सर हळूच पुढे झुकले. मला वाटतं त्यांनाही तिथेच नीट कळलं, पण हे मी खात्रीने सांगू शकत नाही.

"बघितलं," पप्पा म्हणाले. त्यांनी हमीपत्र सतरा नंबरच्या टेबलावर ठेवून सही केली आणि सहीखाली, गॅरेजात लिहितात तसं, सावकाश अक्षरात लिहिलं: 'गाडी पाहून सही केली.' मग चूक लक्षात आली, 'गाडी' खोडून वर 'मशीन' लिहिलं. मॅडम काहीतरी म्हणणार होत्या, पण फाइल बंद होत होती, म्हणून त्यांनी ते चालवून घेतलं.

सरांनी तिथेच उभ्या उभ्या माझ्या जर्नलवर सही केली, प्रयोग क्रमांक दोनच्या पानावर. पान उघडलं मी, सही केली त्यांनी. हे झाल्यावर ते म्हणाले, "तेवढी ती यादी सगळ्यांसारखी करून टाक. बाहेरचे परीक्षक येतात, उगाच प्रश्न." मी हो म्हटलं. अजून केलेली नाही.

आम्ही जिन्यावरून उतरलो. आजूबाजूची मुलं त्यांच्या शर्टाकडे बघत नव्हती. मला वाटलेलं सगळी बघतील. गेटपाशी आल्यावर ते थांबले.

"त्या सतरा नंबरची तार कधी जोडणार?"

"तक्रार वर गेलीय."

"वर म्हणजे?"

"कॅन्टीन आहे वर."

ते हसले नाहीत. शीळफाट्याकडे जाणारी शेअर रिक्षा समोर भरत होती, त्यांनी तिला हात केला. "तुला जमेल की," ते म्हणाले, "एक पॉइंट तर बदलायचाय." रिक्षात एक पाय ठेवला आणि परत मागे वळले.

"पण उघडायच्या आधी त्या काकांची सही घे."